समोरचा रोगी आणि गैरहजर रोगी

इंग्रजी अहवालांमध्ये एक शब्द सारखा येतो: ॲडॉप्शन. विकसनशील देशांतल्या डॉक्टरांनी आरोग्य माहिती तंत्रज्ञानाचे ॲडॉप्शन किती केले, का केले नाही, वाढवायचे तर काय करावे. गेली काही वर्षे माझ्या उपजीविकेचा एक भाग अशा अहवालांच्या, प्रशिक्षण-पुस्तिकांच्या आणि संमतिपत्रांच्या भाषांतरावर चालतो. कविता आणि कादंबऱ्यांची भाषांतरे मनाला पुरतात, घरभाड्याला पुरत नाहीत. तर या शब्दाचे करायचे काय? सरकारी मराठी 'अवलंब' म्हणते. हिंदीत, म्हणजे जबलपुरातल्या माझ्या रोजच्या कामाच्या भाषेत, 'अंगीकरण' चालते. शब्दकोशातला पहिला अर्थ घेतला तर 'दत्तक'. दत्तक म्हटले की मराठी माणसाच्या मनात आपोआप प्रश्न उभे राहतात. देणारा कोण, घेणारा कोण, नाव कोणाचे लागणार आणि इस्टेट कोणाची. आमच्या या टापूत तर दत्तकाचा हक्क नाकारून राज्ये खालसा झाली. झाशी आणि नागपूर, दोन्ही १८५४ साली. अहवाल लिहिणाऱ्यांना यातले काही अभिप्रेत नसते हे मला कळते. पण ते प्रश्न चुकीचे आहेत असे मला वाटत नाही.

'अवलंब'ही मला पुरता सरळ वाटत नाही. अवलंब करणे आणि अवलंबून राहणे एकाच मुळावरचे. २३ नोव्हेंबर २०२२ला दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर सायबर हल्ल्यात बंद पडले आणि पुढे जवळजवळ दोन आठवडे तिथले काम कागदावर चालले. चालू शकले, कारण कागदावर काम कसे करायचे हे ठाऊक असलेली माणसे अजून तिथे होती. आणखी वीस वर्षांनी अशी माणसे असतील का, हा प्रश्न कुठल्याही अहवालात मी भाषांतरित केलेला नाही.

मराठीत याला खरा शब्द आहे तो 'अंगवळणी पडणे'. तो अहवालात बसत नाही, कारण त्याची टक्केवारी काढता येत नाही. वळण अंगाला पडते. त्याला वेळ लागतो, आणि ज्याचे अंग आहे त्याची थोडी मर्जीही लागते. शिवाय ज्याच्या अंगाला एखादी गोष्ट वळण देते, त्याला ती कामाचीही असावी लागते.

हा शेवटचा मुद्दा संशोधकांच्या ध्यानात आला नव्हता असे नाही. १९८९ साली फ्रेड डेव्हिस यांनी मांडलेले तंत्रज्ञान-स्वीकाराचे मॉडेल आजही या विषयाच्या निम्म्या निबंधांत पाया म्हणून वापरले जाते. त्यात दोन गोष्टी विचारायच्या असतात: हे साधन तुम्हाला उपयोगी वाटते का, आणि वापरायला सोपे वाटते का. हे मॉडेल मुळात ई-मेल आणि मजकूर-संपादक वापरणाऱ्या कचेरीतल्या लोकांवर तपासले गेले. पत्र लिहिणाऱ्याला ई-मेल उपयोगी असतो की नाही हे तोच सांगू शकतो. डॉक्टरचे तसे नाही. त्याने भरलेल्या रकान्याचा उपयोग बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाला तरी होतो: पुढच्या गावातल्या डॉक्टरला, विमा कंपनीला, भोपाळच्या संचालनालयाला, क्वचित खुद्द रोग्याला. जोनाथन ग्रुडिन यांनी १९८८ मध्येच दाखवून दिले होते की अनेक सामूहिक संगणक-प्रणाली फसतात, कारण काम एकाला करावे लागते आणि फायदा दुसऱ्याला मिळतो. एवढी साधी गोष्ट. तरी आजही डॉक्टर संगणक वापरत नाहीत याचे कारण विचारले की उत्तर येते: प्रशिक्षणाचा अभाव, मानसिकतेचा अभाव. गरीब देशाच्या वाट्याला अभाव हा शब्द फार लवकर येतो.

दोन वर्षांपूर्वी एका रुग्णालयातल्या नोंदणी-प्रणालीचे पडदे हिंदीत करायचे काम मला मिळाले. रुग्णालयाचे नाव महत्त्वाचे नाही. शब्द कुठे, कोणाच्या तोंडून वापरले जातात ते पाहिल्याशिवाय मी भाषांतर करत नाही, म्हणून आठवडाभर बाह्यरुग्ण विभागात एका कोपऱ्यात स्टूल टाकून बसले. डॉक्टरांच्या टेबलावर संगणक होता आणि त्यावर प्लास्टिकचे झाकण होते. डॉक्टर पर्चीवर लिहीत. जबलपुरात चिठ्ठी म्हणत नाहीत, पर्चीच म्हणतात. दुपारी दोननंतर कंत्राटी डेटा एन्ट्री ऑपरेटर, पंचविशीतला एक मुलगा, पर्च्यांचा गठ्ठा घेऊन बसे आणि एकेक पर्ची प्रणालीत चढवी. अक्षर लागले नाही तर यादीतला जवळचा पर्याय निवडी. तो हुशार होता, पण त्याने रोगी पाहिलेला नव्हता. महिन्याच्या शेवटी अहवालात त्या विभागाचे डिजिटल नोंदींचे प्रमाण जवळजवळ शंभर टक्के दिसत होते. म्हणजे दत्तकविधान झाले होते. फक्त मूल दुसराच कोणी सांभाळत होता.

हा डॉक्टरांचा आळस म्हणायचा का? २०१७ साली सदुसष्ट देशांतल्या प्राथमिक आरोग्यसेवेतल्या भेटींच्या लांबीचा एक आढावा प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये डॉक्टर एका रोग्याला सरासरी साडेबावीस मिनिटे देतो, बांगलादेशात अठ्ठेचाळीस सेकंद. भारत दोन मिनिटांच्या आसपास. अमेरिकेतला २०१६चा एक अभ्यास सांगतो की डॉक्टर रोग्यांसोबत एक तास घालवतो तेव्हा संगणक आणि टेबलावरच्या कामात त्याचे जवळजवळ दोन तास जातात. तिथे रोग्याला देण्यासाठी मिनिटे आहेत म्हणून ती कापता तरी येतात. इथे दोन मिनिटांतून चाळीस सेकंद काढली तर काय उरते? मी कोपऱ्यात बसून पाहत होते त्या डॉक्टर बाईंची एक लकब होती. रोगी आत येऊन बसेपर्यंतच्या चार पावलांत त्या त्याची चाल, चेहरा, श्वास, सोबत कोण आले आहे हे सगळे पाहून घेत. मान खाली, पडद्यात असती, तर ती चार पावले वाया गेली असती. सिमोन वेल हिने दुसऱ्याकडे लक्ष देणे ही मुळातच नैतिक कृती मानली. ते मी एम.ए.ला वाचले तेव्हा थोडे धार्मिक वाटले होते. त्या कोपऱ्यात बसून ते अगदी व्यावहारिक वाटू लागले. झाकण न काढणारा डॉक्टर कधीकधी आळशी असतो आणि कधीकधी तो एका मर्यादित वस्तूची राखण करत असतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

आता शब्दांबद्दल, कारण ते माझे क्षेत्र. दुखण्यासाठी मराठीत किती शब्द आहेत ते पाहा. ठणका, कळ, चमक, उसण, सल, आग, भगभग, हुळहुळ, ठसठस. यातला प्रत्येक शब्द जागा, वेग आणि मुदत सांगतो. चमक येते आणि जाते. ठसठस राहते, आणि तिथे बहुधा पू असतो. उसण भरते, ती कुठेही भरत नाही. हे शब्द काव्य नव्हेत, निरीक्षणे आहेत. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचे अंग शेकणाऱ्या माणसांनी केलेली. बुंदेली, गोंडी, बघेलीत अशाच रासच्या रास असतील. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत इतरत्र न मावणाऱ्या वेदनेला आर५२ म्हणतात, आणि 'कसंतरी होतंय', 'अंगात काही राहिलं नाही' या सगळ्याला आर५३. या वर्गीकरणाची वंशावळ १८९३ साली झाक बर्तियों याने मांडलेल्या मृत्युकारणांच्या यादीपर्यंत जाते. म्हणजे मुळात मेलेल्यांची मोजदाद करण्यासाठी जन्मलेली ही यादी आहे. मेलेला माणूस ठणका आणि सल यांतला फरक सांगत नाही, त्यामुळे यादीला त्याची गरज पडली नाही. पुढे तीच यादी जिवंतांना लावली गेली.

पण इथे मला थांबायला हवे, कारण भाषांतरकाराला हा मोह फार होतो: मूळ श्रीमंत, अनुवाद दरिद्री, आणि आपण मधे उसासा टाकणारे. पर्चीसुद्धा भाषांतरच होती. रोगी 'छाती में जलन' म्हणे आणि डॉक्टर दोन रोमन अक्षरे खरडत. ते अक्षर औषधाच्या दुकानदाराखेरीज कोणाला लागत नसे. शेवटी वैद्यक परिषदेला २०१६ मध्ये नियम करून सांगावे लागले की औषधाचे जेनेरिक नाव वाचता येईल असे, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहा. कागदाच्या युगाबद्दल हळवे होणारे लोक बहुधा त्या कागदावर अवलंबून नव्हते. आमच्या मध्य प्रदेशाने १६ ऑक्टोबर २०२२ला एम.बी.बी.एस.ची हिंदी पुस्तके प्रसिद्ध केली आणि तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी पर्चीवर वर 'श्री हरि' लिहून खाली औषध हिंदीत लिहायला काय हरकत आहे असे विचारले. त्यावर पुष्कळ हसू झाले. त्या पुस्तकांत पारिभाषिक शब्द बहुतांशी इंग्रजीच आहेत, लिपी देवनागरी. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. शब्द रोग्याला कळत नाही, पण निदान त्याच्या मुलीला तो उच्चारून दाखवता येतो.

कागदाच्या बाजूने एकच गोष्ट मी मनापासून म्हणू शकते. तो रोग्याच्या हातात असे. मंडला, दिंडोरी, सिवनीहून जबलपूरला येणाऱ्या माणसाजवळ एक पॉलिथिनची पिशवी असते. तिच्यात पर्च्या, एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, रेशनकार्डाची झेरॉक्स. ती पिशवी भिजते, हरवते, उंदीर कुरतडतात. पण ती उघडायची की नाही, कोणापुढे उघडायची, हे पिशवीवाला ठरवतो. माझ्या आईची पिशवी कापडी होती, खणाची. जबलपूरच्या मराठी घरांतला रिवाज असा की दुखणे जरा मोठे झाले की नागपूर गाठायचे. नागपूर ही आमची जुनी राजधानी, १९५६पर्यंत खरोखरच होती. आईला इथल्या ज्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे नेत असू, त्यांच्यापुढे ती एकदा म्हणाली, "जीव वरखाली होतोय." मी सवयीने हिंदी करू लागले, तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवले. म्हणाले, "आप रुकिए। अम्माँजी, फिर से बोलिए।" आईने पुन्हा म्हटले, छातीवरून पोटाकडे हात फिरवून. त्यांनी ते मराठी शब्द देवनागरीत, अवतरणचिन्हांत, तसेच पर्चीवर उतरवले आणि खाली आपले इंग्रजी लिहिले. आठवड्याने नागपूरच्या हृदयरोगतज्ज्ञाने पर्ची वाचली आणि इंग्रजी सोडून त्या अवतरणावरच बोट ठेवून आईशी बोलायला सुरुवात केली. कुठल्याही प्रणालीत मोकळ्या मजकुराचा एक रकाना असतो, तिथेही हे लिहिता आले असते. खरे आहे. फक्त त्या रकान्याची मोजणी कोणी करत नाही, म्हणून तो भरला का हे कोणी विचारत नाही.

हे सगळे झाले समोरच्या रोग्याबद्दल. पण वैद्यकात आणखी एक रोगी असतो, जो खोलीत नसतो. मला वाटते, हा सगळा वाद खरे तर त्याच्याबद्दल आहे.

क्षयाचे उदाहरण घ्या. मंडल्याचा मजूर जबलपुरात औषध सुरू करतो आणि तिसऱ्या महिन्यात नागपूर, सुरत किंवा हैदराबादला कामाला जातो. २०१२ साली 'निक्षय' ही राष्ट्रीय नोंद-प्रणाली सुरू झाली, क्षयाचा प्रत्येक रोगी कळवणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक झाले. २०१८पासून रोग्याच्या आहारासाठीचे पैसे त्याच नोंदीवरून त्याच्या खात्यात जातात. आधी महिना पाचशे, आता हजार. ज्या डॉक्टरने नोंद केली नाही त्याने समोरच्या माणसाला औषध नीट दिले असेल. पण सुरतेला पोचलेल्या त्याच माणसाला त्याने एकटे सोडले. आणि त्या माणसाच्या खोलीत झोपणाऱ्या इतर सहा जणांनाही. जो अजून आजारी पडलेला नाही, ज्याला डॉक्टर कधी भेटणार नाही, त्याचे काही देणे डॉक्टर लागतो का? मी लागतो म्हणेन. साथीच्या काळात याबद्दल कोणाला शंका नव्हती. तेव्हा रोज संध्याकाळी आपण आकडे पाहत होतो, आणि प्रत्येक आकडा कोणीतरी, कुठेतरी, थकलेल्या बोटांनी भरलेला होता.

सिकलसेलचे प्रकरण आणखी जवळचे. जबलपुरात नागपूर रोडवर आदिवासी आरोग्य संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, १९८४पासूनची. या आजारावर तिथे दीर्घकाळ काम झाले आहे. १ जुलै २०२३ला शहडोलमध्ये पंतप्रधानांनी सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले: सात कोटी लोकांची तपासणी, २०४७पर्यंत निर्मूलन. तपासलेल्याला कार्ड मिळते, नोंद पोर्टलवर जाते. रात्री दोनला पाय धरून ओरडणारे मूल जिल्हा रुग्णालयात आले तर ड्यूटीवरच्या नवशिक्या डॉक्टरला ती नोंद दिसणे म्हणजे त्या मुलाला वेळेवर सलाइन आणि वेदनाशामक मिळणे. ते 'नाटक करतंय' म्हणून परत पाठवले जाणार नाही. या नोंदीविरुद्ध बोलण्याची माझी हिंमत नाही. पण तेच कार्ड लग्नाआधी जुळवून पाहा असाही सल्ला दिला जातो, आणि वाहक असलेल्या मुलीच्या कार्डाकडे गाव कसे पाहील याचा रकाना पोर्टलवर नाही. निर्मूलन हा शब्द रोगाला लावलेला आहे. गावात तो माणसाला चिकटायला वेळ लागत नाही. रक्त तपासणाऱ्याने एवढा विचार करायचा का? पर्चीच्या काळी करावा लागत नसे, कारण पर्ची मुलीच्या पिशवीतच राहत असे.

जबलपुरात राहणाऱ्याला नोंद या गोष्टीबद्दल निरागस राहता येत नाही, असे मला कधीकधी वाटते. विल्यम स्लीमन इथूनच ठगांच्या बंदोबस्ताचा कारभार चालवी. त्याचे मुख्य हत्यार बंदूक नव्हती, दप्तर होते. माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या, टोळ्यांच्या वंशावळी, कोण कोणाचा कोण, कोण कोणत्या मोहिमेत होता. एकाची जबानी दुसऱ्याशी ताडून पाहायची. १८३६ साली त्याने 'रामासीआना' नावाने ठगांच्या भाषेचा कोशच छापला. एका समूहाचे खासगी शब्द राज्यसंस्थेने गोळा करून वर्णानुक्रमे लावले. भाषांतरकार म्हणून मला त्या कोशाचे कौतुक वाटते आणि त्याच कारणाने अंगावर काटाही येतो. त्या दप्तराने किती खुनी पकडले आणि किती नुसते भटके, याची चर्चा इतिहासकार अजून करतात. मी आरोग्य-नोंदीची तुलना फाशीच्या दप्तराशी करत नाही. फक्त एवढेच म्हणते की नोंद कोणाबद्दलची हे ती उघड सांगते, आणि कोणासाठीची हे बहुधा सांगत नाही.

आता पुन्हा डॉक्टरांकडे, थोडे कडक होऊन. झाकण न काढणे हा विशेषाधिकार आहे. अहवालात 'क्लिनिशियन' लिहिलेले असते तेव्हा डोळ्यांपुढे स्टेथोस्कोप घातलेला गृहस्थ येतो. तो नाही म्हणू शकतो, आणि त्याच्या नाही म्हणण्यावर परिसंवाद होतात. प्रत्यक्षात या देशातल्या आरोग्य-नोंदी भरतात त्या ए.एन.एम. ताई, आशा कार्यकर्त्या आणि उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकारी, बहुतांशी बायका. त्यांच्याकडे टॅबलेट असतो आणि जुनी रजिस्टरेही असतात, कारण वरच्या साहेबाचा टॅबलेटवर भरवसा नसतो. तीच गरोदर बाई तीन ठिकाणी लिहायची, मग नेटवर्क शोधत टेकडीवर जायचे. त्यांना कोणी विचारत नाही की तुम्हाला हे साधन उपयोगी वाटते का.

महाराष्ट्रात एकदा त्यांनी न विचारताच उत्तर दिले. २०२१मध्ये अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले, ढिगाने, कार्यालयांत नेऊन. फोन निकृष्ट, दुरुस्तीचा खर्च पदरचा, आणि 'पोषण ट्रॅकर' हे ॲप इंग्रजीत. मराठीत द्या, ही त्यांची साधी मागणी होती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. भाषांतराच्या इतिहासात अशा घटना नोंदवल्या जात नाहीत, पण माझ्या मते हे मराठी अनुवादासाठी झालेले सर्वांत मोठे आंदोलन आहे. मराठी साहित्य संमेलनात त्याचा ठराव झाला असता तर बरे वाटले असते. त्या बायकांना तंत्रज्ञान नको होते असे म्हणणे खोटे ठरेल. बाळाचे वजन ज्या भाषेत आईला सांगायचे, त्या भाषेत ते लिहू द्या, एवढेच त्या म्हणत होत्या.

अंगवळणी पडलेल्या साधनाचे माझे आवडते उदाहरण गडचिरोलीचे आहे. बालमृत्यूंत न्यूमोनियाचा वाटा मोठा. निदान करायचे तर मिनिटाला श्वास मोजायचे, आणि गावातल्या दाया बारापलीकडे मोजायला शिकलेल्या नव्हत्या. राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च'ने एक श्वासमापक केला: एका मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, तर बाळाला न्यूमोनिया. याला माहिती तंत्रज्ञान म्हणायला लोक कचरतात, कारण यात वीज नाही. पण मला यात सगळे दिसते. माहिती तयार होते ती बाळाच्या छातीकडे पाहत, डोळे न हलवता. ती जिच्या हातात तयार होते तिलाच आधी कळते. आणि ती कळल्यावर काय करायचे हेही तिच्याच हातात असते, कारण औषध तिच्या पिशवीत आहे. दायांना हे साधन वापरायला भाग पाडावे लागल्याचे मी कुठे वाचले नाही. राणी बंग यांनी पुढे 'कानोसा' लिहिले. त्या शब्दात ऐकणे आहे आणि भिंतीला कान लावणेही. बायका आपल्या दुखण्याला काय म्हणतात हे आधी ऐकून घेतले तर मागून रकाने कसे आखायचे ते कळते. बहुतेक ठिकाणी रकाने आधी येतात.

संगणकवाले उदाहरण हवे असेल तर अमरकंटक एक्सप्रेस धरून बिलासपूरला उतरावे. शेजारच्या गनियारीत एम्समधून शिकून आलेल्या डॉक्टरांनी 'जन स्वास्थ्य सहयोग' उभे केले. पंधराएक वर्षांपूर्वी तिथल्या गरजेतून 'बाह्मनी' नावाची रुग्णालय-प्रणाली घडली. थॉटवर्क्सच्या लोकांनी ती बांधली, आणि तिच्या पोटात 'ओपनएमआरएस' हा मोफत, खुला सांगाडा आहे, जो २००४च्या सुमारास आफ्रिकेतल्या एच.आय.व्ही.च्या उपचारांसाठी तयार झाला. आज ती कितीतरी देशांत चालते. विकसनशील देश स्वीकार करत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की इथे एक गोष्ट विकसनशील देशात घडली आणि बाहेर गेली. दत्तक कोणी कोणाला दिले, असा प्रश्न इथे जरा उलटा पडतो.

आता देशपातळीवरचे चित्र आहे ते आयुष्मान भारत डिजिटल मिशनचे. सप्टेंबर २०२१पासून चौदा अंकी आरोग्य खाते. रुग्णालयाच्या दारात क्यूआर कोड स्कॅन केला की पर्चीची रांग छोटी. २०२३पासून रुग्णालयांना ठरावीक आकड्यापुढच्या नोंदींमागे पैसे देण्याची योजनाही आहे. अमेरिकेने २००९ साली असेच पैसे ओतले आणि काही वर्षांत जवळजवळ सगळी रुग्णालये संगणकावर आली, त्यानंतर तिथले डॉक्टर थकव्याबद्दल लिहू लागले. पैसे दिल्याने नोंदी वाढतात यात शंका नाही. नोंदीमागे पैसे मिळू लागले की नोंद हीच वस्तू होते, हेही तितकेच सरळ आहे. दुपारी दोननंतर बसणाऱ्या त्या मुलाचे कंत्राट यामुळे वाढेल, एवढा फायदा मला नक्की दिसतो; त्याच्या आईला त्याची गरज आहे.

त्याच आठवड्यातले एक शेवटचे. दिंडोरीकडून आलेली एक म्हातारी फक्त गोंडी बोलत होती. सोबतच्या नातवाला हिंदी येत होते, पण आजीच्या पोटाखालच्या दुखण्याबद्दल तो बोलेना आणि आजीही त्याच्यापुढे बोलेना. डॉक्टर बाईंनी त्याला बाहेर पाठवले आणि व्हरांड्यात फरशी पुसणाऱ्या बाईंना हाक मारली. त्यांनी बादली दाराशी ठेवली, पदराला हात पुसले, म्हातारीच्या शेजारी उकिडव्या बसल्या आणि दोघी बराच वेळ हळू आवाजात बोलल्या. मग त्यांनी डॉक्टर बाईंना हिंदीत चार वाक्ये सांगितली. तपासणी झाली, पर्ची लिहिली गेली, बादली पुढच्या व्हरांड्यात गेली. माझ्या कागदांत त्या पडद्याचे भाषांतर होते. 'माहिती देणारी व्यक्ती' असा रकाना, आणि त्याखाली चार पर्याय: स्वतः, पती, नातेवाईक, पोलीस. दुपारी ऑपरेटरने 'नातेवाईक' निवडले.